सांडपाण्यातून आलेले औषध

तालुक्याच्या दवाखान्यात हे तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. सिस्टर काचेची एक लहानशी कुपी हातात घेतात. कुपीत पाणी नसते, पांढरी कोरडी पूड असते. त्या तीत सुईने पाणी सोडतात, कुपी हलवतात, पूड पुरती विरघळली की नाही ते उजेडात धरून पाहतात. एवढे झाल्यावर औषध टोचावे की नाही? पण त्या थांबतात आणि विचारतात, “पूर्वी कधी पेनिसिलिन घेतलं होतं का? अंगावर गांधी उठल्या होत्या का? दम लागला होता का?” मग शेजारी टांगलेल्या सलाइनच्या बाटलीवरचे नाव वाचतात, घड्याळ पाहून कागदावर वेळ लिहितात. रोग्याचा भाऊ मनात म्हणतो, औषध तयार आहे, माणूस तापाने फणफणला आहे, आणि या बाई चौकशा कसल्या करीत बसल्या आहेत!

मंडळी, या प्रत्येक चौकशीला इतिहास आहे, आणि तो ऐंशी वर्षांचा आहे. आज तोच सांगायचा आहे.

या पुडीच्या घराण्याचे नाव सेफॅलोस्पोरिन. नाव जड आहे खरे, पण घराणे ओळखायला सोपे. सेफॅलेक्सिन, सेफॅझोलिन, सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायॅक्सोन, सेफिक्सिम: चिठ्ठीवर औषधाचे शास्त्रीय नाव ‘सेफ’ने सुरू झाले की समजावे, हे त्यांतलेच. मात्र दुकानदार देतो ते कंपनीचे नाव निराळे असते. तेव्हा वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले नाव वाचायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

आता भूमध्य समुद्रात चला. इटलीच्या पश्चिमेला सार्डिनिया नावाचे मोठे बेट आहे, आणि काल्यारी ही त्याची राजधानी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, या शहरावर बॉम्बचा भयंकर मारा झाला. घरे पडली, माणसे परागंदा झाली, आणि युद्धाच्या मागोमाग जे येते ते आले: घाण पाणी आणि रोगराई. आपण ज्याला मुदतीचा ताप म्हणतो आणि पुस्तकात ज्याला विषमज्वर म्हणतात, तो तिथे घरोघरी परिचयाचा होता. काल्यारीच्या विद्यापीठात जुझेप्पे ब्रोत्सू नावाचे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराचे सांडपाणी सु सिक्कू नावाच्या जागी समुद्राला मिळत असे. ब्रोत्सूंच्या मनात आले, इतकी घाण रोज समुद्रात पडते, तिच्यात विषमज्वराचे जंतू असणारच. तरी ते पाणी काही अंतरावर आपोआप शुद्ध कसे होते? नुसते खारे पाणी आणि ऊन यांनीच हे घडत असेल का? की त्या घाणीतच जंतूंचा कोणी वैरी राहत असेल?

कल्पना अगदीच हवेतली नव्हती. पेनिसिलिन बुरशीपासून निघाले ही वार्ता एव्हाना जगभर पोचली होती. ब्रोत्सूंनी गटाराच्या तोंडाशी जाऊन पाणी आणले, प्रयोगशाळेत त्यातले सूक्ष्म जीव वाढवले, आणि १९४५ साली त्यांना एक बुरशी सापडली. तिचे नाव सेफॅलोस्पोरियम. (नंतर शास्त्रज्ञांनी तिचे बारसे पुन्हा केले, पण औषधाला जुने नाव चिकटले ते चिकटलेच.) या बुरशीजवळ रोगजंतू वाढेनात. विषमज्वराचे वाढेनात, गळवे आणणारेही वाढेनात. पेनिसिलिनला विषमज्वराचा जंतू दाद देत नव्हता, तेव्हा ही गोष्ट मोठीच होती.

ब्रोत्सूंजवळ ना पैसा होता ना यंत्रे. त्यांनी बुरशीचा ओबडधोबड अर्क काढला, गळवे झालेल्यांना आणि विषमज्वराच्या रोग्यांनाही देऊन पाहिला. गुण दिसला, पण अर्क अशुद्ध होता, आणि नेमके औषध त्यात किती आहे हे मोजता येत नव्हते. १९४८ साली त्यांनी एका स्थानिक पत्रिकेत आपले निष्कर्ष छापले. बेटाबाहेर ती कोण वाचणार? सुदैवाने सार्डिनियात काम केलेल्या एका ब्रिटिश डॉक्टरांशी त्यांची ओळख होती. त्यांच्या मध्यस्थीने ही हकीकत इंग्लंडात गेली, आणि त्याच वर्षी बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला पोचला. माझ्या मते या गृहस्थांचा खरा मोठेपणा इथे आहे. शोध लागणे हा काही अंशी योगायोग. पण आपल्याच्याने पुढचे काम होणार नाही हे ओळखून शोधाचे बी दुसऱ्याच्या वाफ्यात द्यायला मन मोठे लागते.

गंमत पाहा, त्याच १९४८ साली क्लोरँफेनिकॉल नावाचे दुसरेच औषध विषमज्वरावर रामबाण ठरले. ज्या रोगासाठी ब्रोत्सूंनी गटार धुंडाळले, त्याला दुसऱ्या वाटेने औषध मिळाले. आता ऑक्सफर्डने ही बुरशी कपाटात ठेवून दिली असती तर कोणी नाव ठेवले नसते.

पण तिथे एडवर्ड एब्रॅहम नावाचे चिकट माणूस होते, आणि त्यांचे सहकारी गाय न्यूटन. त्यांनी बुरशीच्या अर्कातून एकेक पदार्थ वेगळा काढायला घेतला. पहिल्याला ‘पी’ म्हटले; त्याचा उपयोग थोडक्याच जंतूंवर होई. दुसऱ्याला ‘एन’ म्हटले. ब्रोत्सूंना जो गुण दिसला होता तो मुख्यतः या एनचा. पण तपासाअंती तो पेनिसिलिनचाच एक भाऊ निघाला. एवढ्या खटाटोपातून जुनेच हाती आले! आणि मग १९५३ साली, एन शुद्ध करीत असताना, त्याच्याबरोबर भेसळीसारखा आलेला एक तिसरा पदार्थ त्यांना आढळला. तो ‘सी’. प्रमाण अत्यल्प, जोर बेताचा. तरीही एब्रॅहमनी तो टाकला नाही. याचे कारण समजायला तेरा वर्षे मागे जावे लागते.

१९४० साली, पेनिसिलिन अजून सर्रास वापरातही आले नव्हते तेव्हा, याच एब्रॅहमनी अर्न्स्ट चेन यांच्याबरोबर दाखवून दिले होते की काही जंतूंजवळ पेनिसिलिन तोडणारी कात्री असते. पुढे इस्पितळांतून गळवांचे जंतू असे कात्री घेऊनच फिरू लागले आणि पेनिसिलिन त्यांच्यापुढे लुळे पडले. या नव्या ‘सी’ला ती कात्री लागत नव्हती. जोर कमी, पण तुटत नाही! शेतकऱ्याला हे लगेच पटेल. उत्पन्न कमी देणारे पण रोगाला न बधणारे वाण मिळाले तर तो ते फेकून देत नाही, त्याच्यावर संकर करतो.

झालेही तसेच. इंग्लंडातल्या क्लीव्हडन येथील केंद्रात अधिक ‘सी’ देणारे बुरशीचे वाण निवडले गेले. एब्रॅहम आणि न्यूटन यांनी १९५९ साली त्याच्या रेणूची घडण मांडली आणि डोरोथी हॉजकिन यांनी १९६१ साली क्ष-किरणांच्या साह्याने ती पक्की केली. मग अमेरिकेतल्या एली लिली कंपनीच्या रसायनज्ञांनी १९६२च्या सुमारास या रेणूचा मधला गाभा मोकळा करण्याची युक्ती काढली. गाडीची चाके आणि कणा तोच ठेवून वरचा साटा बदलावा, तसे गाभा तोच ठेवून त्याला दोन बाजूंनी वेगवेगळ्या साखळ्या जोडता येऊ लागल्या. १९६४ साली सेफॅलोथिन आणि सेफॅलोरिडीन ही पहिली दोन औषधे बाजारात आली. बुरशी हाती लागल्याला एकोणीस वर्षे झाली होती. एब्रॅहम आणि न्यूटन यांना या शोधाच्या हक्कापोटी पुष्कळ पैसा मिळाला. त्यातला फार मोठा भाग त्यांनी विश्वस्त निधी करून संशोधनालाच देऊन टाकला.

हे औषध जंतूला मारते कसे? गुरुजींनी वर्गात असे सांगावे. जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. जंतू वाढतो, दुभागतो, तेव्हा ती भिंत सारखी बांधावी लागते, आणि ते काम करणारे गवंडी त्याच्या शरीरात असतात. आपले औषध दिसायला त्या गवंड्याच्या विटेसारखे आहे. गवंडी फसतो, खरी वीट समजून ते उचलतो आणि त्याचा हात त्याला कायमचा चिकटतो. भिंत अर्धवट राहते, बाहेरचे पाणी आत घुसते आणि जंतू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून औषध जंतूला मारते आणि माणसाला राखते. मात्र बांधकाम चालू असेपर्यंतच ही फसवणूक चालते. रक्तात औषध टिकून राहिले पाहिजे. ते ओसरले की उरलेले गवंडी पुन्हा कामाला लागतात.

आता सिस्टरांच्या घड्याळाचा उलगडा होईल. सेफोटॅक्सिम रक्तातून लवकर जाते; सुमारे तासाभरात निम्मे ओसरते. म्हणून ते साधारणपणे दर आठ तासांनी द्यावे लागते. दर आठ तासांनी म्हणजे सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा, ‘सकाळ-दुपार-संध्याकाळ’ नव्हे! सेफ्ट्रायॅक्सोन निम्मे ओसरायला सुमारे आठ तास लागतात, म्हणून पुष्कळ आजारांत ते दिवसातून एकदाच पुरते. खेड्यातून येऊन-जाऊन उपचार घेणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. रात्री दहाला गाढ झोपलेल्या रोग्याला सुईसाठी उठवणाऱ्या बाईंवर कोणी रागावू नये, एवढ्यासाठी हा हिशेब सांगितला.

पहिल्या दोन औषधांनी परिचारिकांना दोन धडे दिले. सेफॅलोथिन दंडात किंवा कमरेत टोचले की फार दुखे, आणि शिरेतून दिले तर शीर सुजे. सेफॅलोरिडीन त्या मानाने कमी दुखे, पण मोठ्या मात्रेत मूत्रपिंडाला इजा करी. पुढे ते मागेच पडले. तेव्हापासून रोग्याला लघवी किती होते याकडे लक्ष ठेवायचे आणि मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा बेताने ठरवायची ही रीत या घराण्याच्या बहुतेक औषधांना लागू झाली. टोचताना दुखू नये म्हणून सेफ्ट्रायॅक्सोनची पूड लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. पण तसे कालवलेले औषध फक्त स्नायूत द्यायचे. शिरेत गेले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कुपी तीच, पूड तीच. कशात कालवली यावर सारे अवलंबून.

पुढे या औषधांच्या ‘पिढ्या’ झाल्या. पहिलीतले सेफॅझोलिन शस्त्रक्रियेआधी, चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात देतात, म्हणजे जखम पिकत नाही. तिसरीतली सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायॅक्सोन ही मेंदूच्या आवरणाच्या दाहापर्यंत पोचतात. पिढी वाढली म्हणजे औषध चांगले झाले असे मात्र समजू नका. निराळ्या जंतूंसाठी निराळी पिढी. करवत कुऱ्हाडीपेक्षा श्रेष्ठ असे कोणी म्हणतो का?

आता तो पेनिसिलिनचा प्रश्न. दोन्ही औषधांच्या गाभ्यात चार कोनांची एक कडी सारखी आहे. म्हणून ज्याला पेनिसिलिन बाधते त्याला हेही बाधेल अशी धास्ती सुरुवातीपासून होती, आणि शंभरातल्या दहांना बाधते असा आकडा कित्येक वर्षे पुस्तकांत छापला जाई. आज तो आकडा फुगलेला होता असे मानतात. या बुरशीतून पेनिसिलिनचा भाऊही निघतो हे वर आलेच आहे; जुन्या काळच्या औषधांत पेनिसिलिनचे अंश राहिलेले असत. आता हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात, आणि ते गाभ्यापेक्षा बाजूच्या साखळ्यांवर अवलंबून असते. अँपिसिलिन आणि सेफॅलेक्सिन यांची एक साखळी अगदी एकसारखी आहे, तिथे जपायला हवे.

म्हणून सिस्टर नुसते “ॲलर्जी आहे का?” विचारून थांबत नाहीत. कोणते औषध, काय झाले, किती वेळाने झाले, हे तिन्ही विचारतात. तुम्हीही नीट आठवून सांगा. जुलाब लागले, मळमळ झाली, याला ॲलर्जी म्हणत नाहीत. ते चुकून तसे लिहिले गेले तर एक चांगले औषध जन्मभर हातचे जाते. उलट ओठ सुजले, श्वास कोंडला, चक्कर येऊन पडलात, तर ते न विचारताही सांगा. कातडीवर थोडे औषध टोचून पाहण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे, पण ती चाचणी साफ आली म्हणून धोका टळला असे नव्हे. म्हणून सुई घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायला सांगतात, आणि ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवलेले असते. तशी वेळ आलीच तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, क्षणाचाही विलंब न लावता द्यायचे असते.

आणि सलाइनच्या बाटलीवरचे नाव? हे पान दुःखाचे आहे. सेफ्ट्रायॅक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका बनतो. काही नवजात बालकांना ही दोन्ही शिरेतून दिली गेली आणि ती दगावली. त्यांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत तो साका सापडला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली याचा इशारा प्रसिद्ध केला आणि २००९ साली तो अधिक नेमका केला. अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रायॅक्सोन द्यायचे नाही. मोठ्या माणसाला दोन्ही लागलीच तर एकदम न देता एकामागून एक, मधे नळी नीट धुऊन द्यायची. आपल्याकडे सर्रास लावतात त्या रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत कॅल्शियम असते. सिस्टर वाचतात ते हेच. तान्ह्याची कावीळही हे औषध वाढवू शकते, म्हणून त्या वयात बहुधा सेफोटॅक्सिम निवडतात.

घरी देण्याच्या कोरड्या सिरपबद्दल थोडे. बाटलीवरच्या खुणेपर्यंतच उकळून गार केलेले पाणी घालावे, दर खेपेला बाटली हलवावी, आणि लेबलावर लिहिलेल्या मुदतीनंतर उरलेले औषध टाकून द्यावे. “पुढच्या तापाला होईल” म्हणून फडताळात ठेवू नये. औषध चालू असता पातळ जुलाब वारंवार होऊ लागले तर अंगावर काढू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. पोटातले उपकारक जंतू मरून एखादा वाईट जंतू माजण्याचा संभव असतो.

आता पुन्हा मुदतीच्या तापाकडे येऊ. क्लोरँफेनिकॉल रामबाण होते, पण १९७२ साली केरळातल्या कोळिकोडला त्याला न जुमानणाऱ्या विषमज्वराची साथ आली. १९९०च्या सुमारास तर आपल्या देशात जुनी तिन्ही औषधे एकदम निकामी करणारे जंतू पसरले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले, तेही काही वर्षांत बोथट झाले. मग पाळी आली सेफ्ट्रायॅक्सोन आणि सेफिक्सिम यांची. म्हणजे ब्रोत्सूंनी ज्या रोगासाठी बुरशी शोधली होती, त्या रोगावर तिचीच नातवंडे अर्ध्या शतकानंतर कामाला आली!

पण कात्रीही तोवर सुधारली होती. तिसऱ्या पिढीचे औषध तोडणारे जंतू १९८३ साली जर्मनीत प्रथम नोंदले गेले. ती कला एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, आणि त्यांची गाठ पडते कुठे, तर गटारात. दिल्लीत २०१० साली रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले, तेव्हा याहून बळकट कात्रीचे बी त्यांतल्या अनुक्रमे ५१ आणि २ नमुन्यांत मिळाले. २०१६ साली सिंधमधल्या हैदराबादेत सेफ्ट्रायॅक्सोनलाही न बधणारा विषमज्वर उद्भवला. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याचा संशय तिथे आला. त्या रोग्यांसाठी एक गोळी आणि एक महागडे इंजेक्शन, एवढाच मार्ग उरला.

आपल्याकडे १ मार्च २०१४पासून तिसऱ्या पिढीची ही औषधे ‘एच-१’ या यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून दुकानदाराने ती विकायची नाहीत. रोग्याचे आणि डॉक्टरांचे नाव स्वतंत्र वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची. वेष्टनावर तांबड्या चौकटीत सूचना छापलेली असते. पुढच्या वेळी पाहा. आणि २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना विषमज्वराची नव्या प्रकारची लस टोचण्याची मोहीम काढली. जगात सरकारी यंत्रणेमार्फत ही लस सार्वजनिक कार्यक्रमात देण्याचा तो पहिला प्रयत्न होता. पाकिस्तानने त्यानंतर २०१९ साली सिंधपासून सुरुवात करून ती आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली.